कर्णबधिर मुलाशी घरात खुणांनी बोललं, तर तो बोलायला शिकणारच नाही का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा अडीच वर्षांचा. बेरा टेस्टमध्ये दोन्ही कानांना ९० डेसिबलच्या पुढचा श्रवणदोष निघाला. काही महिन्यांपासून कानाला मशीन आहे, कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायच्या यंत्राच्या, तपासण्या सुरू आहेत. स्पीच थेरपिस्टनी बजावलंय, की घरात हातवारे बंद करा, नाहीतर तो बोलणार नाही. सासूबाई मात्र त्याच्याशी खुणांनीच बोलतात आणि म्हणतात, "त्याला सगळं कळतं." दिरांनी कुठेतरी वाचलंय, की माणसांचा ९३ टक्के संवाद देहबोलीनेच होतो, मग काळजी कसली? आई विचारते, यातलं कुणाचं ऐकू? साइन लँग्वेज शिकवू की नको?

ताई, मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका आहे. अगदी लहान मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासोबतच माझं बहुतेक काम झालंय. आधी उत्तर सांगते, कारणं मागून. मशीन तो जागा असेल तेवढा वेळ कानावर राहू द्या. इम्प्लांटच्या तपासण्या लांबवू नका. आणि सांकेतिक भाषा आजच सुरू करा. तिन्ही गोष्टी एकाच वेळी.

तुम्हाला सगळ्यांनी मिळून "बोलणं की खुणा" अशा दोन बाजूंत उभं केलंय. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ऐकू येणारं मूल अडीच वर्षांचं होईपर्यंत दोन-तीन शब्दांची वाक्यं जोडतं, "मला नको", "बाबा गेले", "हे कुणाचं" म्हणतं. तुमच्या मुलाजवळ या घडीला कुठलीच पूर्ण भाषा नाही. मराठी त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही, सांकेतिक भाषा घरात कुणाला येत नाही. इम्प्लांट ठरलं, शस्त्रक्रिया झाली, त्याचा बाहेरून लावायचा भाग, म्हणजे प्रोसेसर, सुरू झाला, तरी कानावर पडणाऱ्या आवाजाला अर्थ यायला पुढे कित्येक महिने जातात. तोवर त्याच्या डोक्यात भाषा कुठल्या वाटेने शिरणार आहे, हे आपल्याला ठरवायचंय.

आता सासूबाईंचं "सगळं कळतं". त्या खोटं बोलत नाहीत. त्यांनी ताटाकडे बोट केलं की तो जेवायला बसतो, चपला उचलल्या की दाराशी धावतो, डोळे वटारले की हात मागे घेतो. तो हुशार आहे आणि आजीचं त्याच्याकडे बारीक लक्ष आहे, एवढं यातून नक्की दिसतं. पण हे सगळं समोर असलेल्या वस्तूंबद्दल आणि रोज त्याच वेळी घडणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. पालक माझ्याकडे येऊन हेच वाक्य म्हणतात, तेव्हा मी त्यांना एक गोष्ट करून बघायला सांगते. जेवणाची वेळ नसताना, ताट समोर नसताना, कुठेही न बघता आणि बोट न दाखवता त्याला सांगा, की आतल्या खोलीतून बाबांचा टॉवेल आण. किंवा विचारा, काल कोण आलं होतं? बहुतेक वेळा मूल तुमच्या तोंडाकडे बघत राहतं, नाहीतर जवळची कुठलीतरी वस्तू उचलून देतं.

आणखी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा, कारण तो तुमच्या घरात लवकरच येणार आहे. तुम्हाला मुलाला सांगायचंय, "उद्या आपण दवाखान्यात जाणार आहोत, पण उद्या सुई टोचणार नाहीत, डॉक्टर फक्त कान बघणार." हातवाऱ्यांनी दवाखाना दाखवता येईल, सुईसुद्धा दाखवता येईल. "उद्या" कसं दाखवाल? "टोचणार नाहीत" कसं दाखवाल? सुईची खूण करून मान हलवली, तर मुलाला दिसते ती सुईच. मग त्याला उचलून न्यावं लागतं, तो किंचाळतो, आणि घरात म्हणतात की मूल हट्टी आहे. काल, उद्या, जर-तर, का, कुणामुळे, "मी गंमत केली", "तुझा राग नाही आला मला" हे सगळं भाषेतच मावतं. देहबोलीने राग आला एवढं कळतं, कशाचा आला ते कळत नाही.

दिरांच्या ९३ टक्क्यांचं मूळ अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांत आहे. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, सोबत चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड हे लोकांना ओळखायला सांगितलं होतं. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी लोक चेहऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात, एवढाच त्याचा आवाका. हा आकडा सगळ्या संवादाला लावू नका, हे पुढे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलंय. घरात कुणी पुन्हा तो आकडा काढला, तर टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायला सांगा आणि मग त्यातलं ९३ टक्के काय समजलं ते विचारा.

सांकेतिक भाषा म्हणजे असेच हातवारे, जरा जास्त सुबक केलेले, असा समज सर्रास आहे. तुमच्या थेरपिस्टच्या बोलण्यातही तो डोकावतो, कारण त्यांनी दोन्हींना एकच नाव दिलंय. अमेरिकेत गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या उच्चशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवून दिलं, की तिथल्या कर्णबधिरांच्या खुणा हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा लहान घटकांनी बनतात. मराठीत "काळ" आणि "गाळ" यांत एका वर्णाने अर्थ बदलतो, तसा इथे हाताचा आकार तोच ठेवून जागा बदलली की शब्द बदलतो. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचं व्याकरण आहे. काळ सांगणारा शब्द बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतो, प्रश्नाची खूण शेवटी. त्यामुळे "तुझं नाव काय" हे "तुझं, नाव, काय" असं सहज बसतं आणि मराठी माणसाला तो क्रम परका वाटत नाही. "मामाने आजीला पैसे दिले" सांगताना मामाला हवेत एका बाजूला बसवायचं, आजीला दुसऱ्या बाजूला, आणि देण्याची खूण मामाकडून आजीकडे न्यायची. उलट नेली की आजीने मामाला दिले. विभक्तीचं काम इथे दिशा करते. भुवया वर गेल्या की साध्या विधानाचा हो-नाही प्रश्न होतो, म्हणजे चेहरासुद्धा व्याकरणात धरलेला आहे. खुणांमध्ये प्रदेशागणिक फरक पडतात. मुंबईची खूण दिल्लीत वेगळी दिसू शकते, पण व्याकरणाचा सांगाडा बराच समान आहे.

मेंदूचीही साक्ष आहे. डाव्या मेंदूला इजा झालेल्या कर्णबधिर माणसांची सांकेतिक भाषा बोलणाऱ्या माणसाच्या वाचेसारखीच बिघडते, पण साधे हातवारे त्यांना जमत राहतात. म्हणजे मेंदू त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. आईवडील स्वतः कर्णबधिर असतील आणि घरात सांकेतिक भाषा चालत असेल, तर तिथलं कर्णबधिर बाळ वर्षाच्या आतच हातांनी बडबड करतं, आपली बाळं "बाबाबा" करतात तशी. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये हे नोंदवलं.

थेरपिस्टच्या सांगण्यामागे मोठा इतिहास आहे, त्यामुळे त्यांच्यावर रागावू नका. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर फक्त एक. तिथे ठराव झाला, की शाळांमधून खुणा हद्दपार करून फक्त वाचेने शिकवावं. जगभर शंभर वर्षं त्याचा पगडा राहिला. आपल्याकडच्या शाळांतही मुलांना हात मागे बांधून बसायला लावण्यापर्यंत मजल गेली होती. याच परिषदांच्या मालिकेतली एक परिषद २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला भरली, तेव्हा मिलानच्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. तोवर पिढ्या गेल्या होत्या.

पण फक्त इतिहासाच्या जोरावर तुमच्या मुलाचा निर्णय घेता येणार नाही, म्हणून अभ्यास काय सांगतात तेही मांडते. इथे अभ्यासकांचं एकमत नाही. २०१७ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात इम्प्लांट केलेल्या मुलांवरचा एक मोठा अमेरिकी अभ्यास आला. ज्यांच्या घरी खुणा वापरल्या नव्हत्या, त्या मुलांचं बोलणं आणि वाचन त्यात सरस निघालं. तुमच्या थेरपिस्टच्या मनात बहुधा असंच काही असेल. त्यावर टीकाही झाली, कारण त्या घरांतले ऐकू येणारे पालक नेमक्या किती आणि कशा खुणा करत होते, हे पुरेसं तपासलं नव्हतं. मोडक्यातोडक्या वीस खुणा आणि पूर्ण भाषा एका रांगेत बसवली गेली. उलट २०१४ मध्ये, कर्णबधिर आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या आणि जन्मापासून सांकेतिक भाषा पाहिलेल्या, शिवाय इम्प्लांट झालेल्या मुलांचं बोलणं तपासलं गेलं. ते सांकेतिक भाषा जाणणाऱ्या, ऐकू येणाऱ्या समवयस्कांच्या तोडीचं निघालं. तिथे मुलं मोजकीच होती, हेही खरं.

माझं मत ज्या अभ्यासाने पक्कं केलं, तो रेचल मेबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ सालचा आहे. मोठेपणी नवी भाषा कुणाला नीट शिकता येते, हे त्यांनी पाहिलं. लहानपणी एक भाषा पूर्ण मिळालेली माणसं, मग ती भाषा बोललेली असो वा खुणांची, पुढची भाषा चांगली शिकली. लहानपणी कुठलीच भाषा नीट न मिळालेली माणसं मागे पडली, आणि ती उणीव पुढे भरून निघाली नाही. माझ्या वर्गात मी हेच पाहत आले. सहा-सात वर्षांचं मूल भाषेशिवाय शाळेत येतं, तेव्हा त्याला नुसते शब्द शिकवून भागत नाही. प्रश्न म्हणजे काय, उत्तर द्यायचं असतं म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. ज्या मुलाच्या हातांत खुणांची भाषा आहे, त्याला मी "हीच गोष्ट मराठीत अशी लिहितात" एवढंच शिकवते. ते मूल आवाजालाही लवकर अर्थ लावतं, कारण अर्थ त्याच्याजवळ आधीच असतो.

थोडं ओठवाचनाबद्दल, कारण "तो ओठ बघून शिकेल" असंही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता "बाबा", "मामा", "पापा" म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. मग "पाट", "भात", "माठ" म्हणून बघा. क, ग, ह तर घशाकडे घडतात, ओठांवर दिसतच नाहीत. ज्याला मराठी आधीच येते, तो माणूस संदर्भावरून उरलेलं भरून काढतो. ज्याला भाषाच यायची आहे, तो कशाने भरणार? ओठांची मदत जरूर होते, म्हणून त्याच्याशी बोलताना तोंड झाकू नका आणि उजेड तुमच्या चेहऱ्यावर राहू द्या. भाषेचा पाया म्हणून मात्र ओठवाचन पुरत नाही.

आता ज्या गोष्टी तुमच्या मुलावर अवलंबून आहेत आणि मला इथून दिसत नाहीत, त्या सांगते. एमआरआयमध्ये श्रवणाची नस नीट आहे का, यावर इम्प्लांटचा सगळा विचार उभा आहे. मशीन लावून त्याला किती ऐकू येतं, हे महत्त्वाचं. साधं बोलणं साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं. मशीन लावूनही ते त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर नुसत्या बोलण्याने भाषा येण्याची वाट बघणं म्हणजे वेळ घालवणं. दुसरी काही अडचण सोबत आहे का, थेरपी सेंटर किती लांब आहे, घरात त्याच्यासोबत दिवसभर कोण असतं, यानेही फरक पडतो. इम्प्लांटला वयाचं बंधनही आहे. ऐकण्याचा मार्ग घडवण्याची मेंदूची उत्तम मुदत साधारण साडेतीन वर्षांपर्यंत मानली जाते, म्हणून मी घाई करायला सांगतेय. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही विचारा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर त्याचा अर्ज आधी भरा, पुढची बहुतेक कामं त्यावर अडतात.

आणि इम्प्लांट उत्तम झालं तरी अंघोळीच्या वेळी, झोपताना, पोहताना, बॅटरी संपल्यावर, प्रोसेसर दुरुस्तीला गेल्यावर तो ऐकू न येणारा मुलगाच असतो. त्या वेळीही त्याला आईशी बोलता आलं पाहिजे.

घरात सुरुवात कशी करायची? सासूबाईंचे हात थांबवू नका, त्यांनाच पहिली विद्यार्थिनी करा. त्या आणि नातू मिळून ज्या घरगुती खुणा बनवतात, त्यांची जागा हळूहळू भारतीय सांकेतिक भाषेच्या खुणा घेतील. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा कोश पूर्ण केला. तो व्हिडिओंच्या रूपात फुकट बघता येतो. आठवड्याला दहा-पंधरा खुणा घ्या, पण नुसती नामं घेऊ नका. दूध, पोळी, भूभू यांच्यासोबत "अजून", "संपलं", "नको", "कुठे", "उद्या", "थांब", "दुखतंय" पहिल्याच महिन्यात हव्यात. कोशातून शब्द मिळतात, भाषा माणसांकडूनच येते. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या कर्णबधिरांच्या संघटनेत जा, एखादी कर्णबधिर ताई किंवा दादा आठवड्यातून एकदा घरी येईल का ते विचारा, किंवा व्हिडिओ कॉलवर शिका. मोठं झालेलं, नोकरी करणारं, हसतंखेळतं कर्णबधिर माणूस एकदा घरात येऊन बसलं की घरच्यांची भीतीही बरीच ओसरते. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

त्याच्याशी बोलताना आधी नजर, मग खूण. खांद्याला हात लावा, त्याने तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा. ऐकणारं मूल चित्र बघता बघता आईचं ऐकतं. हा चित्राकडे बघत असताना तुमचे हात त्याला दिसत नाहीत. चित्र दाखवा, गप्प राहा, त्याने मान वर केली की खूण करा, परत चित्राकडे बोट न्या. सुरुवातीला हे फार संथ वाटतं.

बोलणं आणि खुणा एकाच दमात मिसळू नका. मराठी बोलत बोलत प्रत्येक शब्दाला हात हलवला, तर दोन्ही भाषा अर्धवट होतात आणि हात मागे पडतात. खुणेने सांगा, मग तेच तोंडाने सांगा, हवं तर पुन्हा खुणेने. दिवसातला काही वेळ नुसत्या ऐकण्याचा ठेवा. मशीन कानावर, टीव्ही बंद, तुम्ही जवळ बसलेल्या, कुकरची शिट्टी, दाराची कडी, त्याचं नाव, बडबडगीत. तेव्हा हात शांत असले तरी चालतील, कारण बाकीच्या वेळी त्याला भाषा मिळतेय. रोज सकाळी मशीन लावल्यावर तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक करून काढा आणि तो कशाला दाद देतो ते वहीत लिहा. लिंग यांची ही चाचणी थेरपिस्टना चांगली माहीत असते. ती वही पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर ठेवा. मशीनचं प्रोग्रॅमिंग किंवा आवाज बदलायला त्यांना तिचा उपयोग होईल. कान वाढत असल्यामुळे मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात बसणारा साचा, सैल होतो. मशीन शिट्टी वाजवायला लागलं की ते काढून ठेवू नका, मोल्ड बदलून घ्या.

थेरपिस्टशी भांडण करायची गरज नाही. त्यांना एवढंच विचारा, की मशीन लावून तो आज किती शब्द ऐकून ओळखतो, सहा महिन्यांत किती ओळखावे अशी तुमची अपेक्षा आहे, आणि तेवढे आले नाहीत तर पुढे काय करायचं? चांगले थेरपिस्ट या प्रश्नाचं स्वागत करतात. सांकेतिक भाषा सुरू केल्याचं लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिला जागा आहे, त्यामुळे यात चोरून करण्यासारखं काही नाही. त्यांनी साफ नकार दिला तर बोलण्याचा सराव त्यांच्याकडे चालू ठेवा, घरातली भाषा तुम्ही सांभाळा. त्यांनी थेरपीच बंद करण्याची अट घातली, तर दुसरे थेरपिस्ट शोधा.

जिल्हा कुठला, आणि मशीन लावून काढलेल्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झखाली काय आकडे आहेत, तेवढं लिहा. एमआरआय झाला असेल तर त्यात नसेबद्दल काय म्हटलंय तेही कळवा, म्हणजे पुढचं नेमकेपणाने सांगता येईल.